मोहाला तोंड कसं द्यायचं? गोव्यातल्या मराठी वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

आमच्या मराठी बायबल वाचनाच्या गटात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे डिचोली-पेडण्याचे आहेत, फोंड्याचे आहेत, वास्कोला नोकरीसाठी आलेले आहेत. कॅथलिक जास्त, प्रोटेस्टंट थोडे, काही हिंदूही. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, फक्त नावं-गावं काढली आहेत. उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल, ती आधीच सांगतो: मोहाशी एकट्याने, गुपचूप आणि अगदी शेवटच्या क्षणी झुंजणारा बहुधा हरतो.

१. मनात मोह आला म्हणजे पाप झालं का?

नाही. मोह येशूलाही झाला. इब्री लोकांस पत्र (४:१५) सांगतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

याकोब (१:१४-१५) टप्पे सांगतो: आधी वासना ओढते, मग ती गर्भ धरते, मग पापाला जन्म देते. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात अंतर आहे, आणि आपल्या हातात जे काही आहे ते त्या अंतरातच. कॅथलिक शिकवणीनुसार गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणं, ती तशी आहे हे ठाऊक असणं, आणि जाणूनबुजून दिलेला होकार. विचार येऊन गेला याला होकार म्हणत नाहीत. विचाराला खुर्ची देऊन चहा पाजला, तर म्हणतात.

मत्तय ५:२८ वाचून बरेच जण घाबरतात. तिथे येशू नजर पडण्याबद्दल बोलत नाही, वासनेने पाहत राहण्याबद्दल बोलतो.

२. मोह सैतान आणतो, की माझंच मन?

दोन्ही, शिवाय भोवतालचं जगही. पण सगळं सैतानावर ढकलायची सवय वाईट. आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने सापाकडे, आणि दोघांपैकी कुणीही सुटलं नाही.

कोण आणतो यापेक्षा कधी येतो हे बघणं जास्त उपयोगी. येशूकडे परीक्षक (सैतान) आला तो ४० दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय असताना तुम्ही घसरता, हे आठवडाभर वहीत लिहून पाहा. रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकाला त्यातून कळलं की त्याचा मोह पहाटेच्या थकव्याचा होता. झोपेची वेळ बदलल्यावर निम्मी लढाई संपली.

३. देवच आपल्याला मोहात घालतो का? नाहीतर "आम्हांस परीक्षेत आणू नको" अशी प्रार्थना का करायची?

याकोब १:१३ स्पष्ट आहे: देव कुणालाही वाईटाचा मोह घालत नाही. पण परीक्षा येऊ देतो. ईयोबाची आली, अब्राहामाची आली. देव पारखतो ते माणूस उभा राहावा म्हणून, सैतान ओढतो ते पडावा म्हणून. प्रसंग एकच असू शकतो.

ती प्रार्थना म्हणजे स्वतःची ताकद ओळखून केलेली विनंती आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याने ती ओळखली नव्हती. "तुझ्याबरोबर मरायलाही तयार आहे" असं म्हणाला, आणि कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारून बसला. जो "मला काही होत नाही" म्हणतो, त्याच्याबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते.

४. येशूने रानात नेमकं काय केलं? प्रवचनात ऐकतो, पण लक्षात राहत नाही.

मत्तय ४ आणि लूक ४ एकदा सावकाश वाचा. मार्क हीच गोष्ट दोन वचनांत आटोपतो. तीन मागण्या येतात: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगातली राज्यं देतो. लूकमध्ये शेवटच्या दोन मागण्यांचा क्रम उलटा आहे.

पहिली मागणी बघा. भाकर खाण्यात पाप कुठलं? पुढे याच येशूने पाच हजारांना भाकरी वाढल्या. भूक खरी होती, ती भागवायची सुचवलेली वाट खोटी होती. आपलेही बहुतेक मोह असेच असतात. कुणी जवळचं हवं असतं, दमल्यावर जरा सैल व्हावंसं वाटतं, मुलांच्या फीसाठी पैसे लागतात. यातली एकही गरज पाप नाही. म्हणून मोह आला की आधी विचारायचं, मला खरंच काय हवंय? पुष्कळदा उत्तर येतं: झोप. किंवा कुणीतरी "कसा आहेस?" असं विचारणं.

दुसऱ्या मागणीत एक मेख आहे. इथे शास्त्र सैतान म्हणून दाखवतो. ९१ वं स्तोत्र: देवदूत तुला हातांवर झेलतील. म्हणजे वचन तोंडपाठ असण्याने कुणी आपोआप बरोबर ठरत नाही. येशू त्याला "असंही लिहिलं आहे" म्हणून दुसरं वचन दाखवतो: देवाची परीक्षा पाहू नको. आपल्याला हवं तेच एक वचन धरून बसलेल्या माणसाला हा प्रसंग वाचायला द्यावा.

तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकातली आहेत (८:३, ६:१६, ६:१३). ते अध्याय इस्राएलच्या ४० वर्षांच्या रानातल्या भटकंतीबद्दल आहेत. जिथे ते लोक कुरकुरले, तिथेच येशू ठाम राहिला. त्याने वेळेवर वचन शोधलं नाही, ते पुस्तक त्याच्यात आधीपासून मुरलं होतं.

लूकचं शेवटचं वाक्य सहसा वगळलं जातं: सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. एकदा जिंकलात म्हणजे कायमचे सुटलात, असं शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही.

५. वचन म्हटलं की मोह पळतो का? मी म्हणतो, तरी जात नाही.

वचन हा मंत्र नाही. म्हटल्याबरोबर ओढ थांबेल असं वचनच कुठे सांगत नाही. पौल करिंथकरांना (१ करिंथ १०:१३) जे सांगतो ते वेगळं आहे: देव तुमच्या शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही, आणि परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. वचन म्हणायचं ते तो उपाय दिसावा म्हणून. दिसला की उठायचं. बसल्या जागी वचन म्हणत राहून हात मात्र फोनवरच असेल, तर काय होणार!

पाठ करायचंच तर दहा नको, आपल्या दुखऱ्या जागेचं एकच घ्या. राग येत असेल तर नीतिसूत्रे १५:१. जीभ घसरत असेल तर स्तोत्र १४१:३. पैशाची हाव असेल तर इब्री १३:५. दारू असेल तर नीतिसूत्रे २३:२९-३५. पिणाऱ्याच्या सकाळचं इतकं हुबेहूब वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल. डोळ्यांचा मोह असेल तर ईयोब ३१:१. पडून झाल्यावरच्या निराशेसाठी १ योहान १:९. मोठ्याने म्हणा, हाताने लिहून काढा, आणि मन शांत असतानाच पाठ करा. वादळात शिकायला घेतलेलं काही लक्षात राहत नाही.

६. चर्चमध्ये सगळं कोंकणीतून आणि इंग्रजीतून. मराठीतून बायबल वाचलं तर चालेल का? कोणतं?

चालेल म्हणजे काय, गोव्यात ते चारशे वर्षांपूर्वीपासून चालत आलंय. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय (जेजुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. समजेल त्या भाषेत वाचा.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट प्रतीत ६६. मोहाच्या विषयात हा फरक जाणवतो, कारण सिराकचं पुस्तक ६६ मध्ये नाही. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की परमेश्वराची सेवा करायला येणाऱ्याने परीक्षेची तयारी ठेवावी.

७. मोहाशी लढायचं की पळायचं? एका ठिकाणी "विरोध करा" म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी "पळा".

दोन्ही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत. शरीराच्या वासनेपासून पळायचं: १ करिंथ ६:१८, २ तीमथ्य २:२२. योसेफ पोटीफरच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९), वाद घालत थांबला नाही. उलट दावीद राजा गच्चीवरून उरीयाच्या बायकोला न्हाताना पाहत राहिला (२ शमुवेल ११), आणि ती गोष्ट उरीयाच्या मरणापर्यंत गेली.

भीती, संशय, निराशा यांच्यापुढे मात्र ठाम राहायचं. १ पेत्र ५:८-९ आणि याकोब ४:७ मधला विरोध हाच. याकोबच्या त्या वचनाचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला विरोध करा.

पळणं म्हणजे धावणंच असं नाही. घरी जायचा रस्ता बदलणं हेही पळणंच.

८. गोव्यात राहून दारू कशी टाळायची? लग्न, फेस्त, लादाइन, सगळीकडे पेला पुढे येतोच.

बायबल द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). मनाई आहे ती पिऊन झिंगण्याला (इफिस ५:१८). त्यामुळे लादाइनीनंतर (क्रुसापुढच्या सामूहिक प्रार्थनेनंतर) उकडलेल्या चण्यांबरोबर घोटभर फेणी घेणाऱ्या आजोबांना नरकाची भीती घालायचं कारण नाही.

पण ज्याचा एक पेला एकावर थांबत नाही, त्याला हे वचन लागू पडत नाही. त्याच्यासाठी आणि त्याला पेला देणाऱ्यासाठी रोमकरांस १४:२१ आहे: ज्याने भाऊ अडखळतो ते न करणं बरं. आपल्याकडे आग्रहाला माया समजतात. "एक घे रे, आज फेस्त आहे" म्हणणाऱ्या मावशीच्या मनात वाईट नसतं, पण परिणाम वाईटच होतो. यजमानांना विनंती: नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका.

नाही म्हणणाऱ्यासाठी: घरून निघण्याआधी ठरवा, तिथे जाऊन ठरवू नका. पोचल्याबरोबर कोकम किंवा लिंबूसोडा हातात घ्या. हात रिकामा दिसला की लोक तो भरतात. कारणं सांगू नका. "गाडी चालवायचीय" म्हटलं की कुणीतरी घरी सोडायला तयार होतो! "मी घेत नाही" एवढं पुरे. जेवण झालं की निघा.

आणखी एक. हुर्राकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) हंगाम आणि उपवासकाळ (राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा) आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी येतात, काजूची बोंडं काही कॅलेंडर बघून पिकत नाहीत. ज्यांचं सोडणं कच्चं आहे त्यांनी मार्च-एप्रिलचा बेत आधीच करावा.

९. प्रार्थना करूनही सुटत नाही. मग विश्वास कमी पडतोय का?

कदाचित तुमचा प्रश्न मोहाचा राहिलेला नाही. रोज लागत असेल, न घेतल्यास हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर ते व्यसन आहे. तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. सिराक ३८ मध्ये वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केलंय, असं लिहिलंय. त्याच अध्यायात आजारपणात प्रार्थनाही करायला सांगितलीय. दोन्ही एकत्र.

एक इशारा महत्त्वाचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. "राखेच्या बुधवारी शपथ घेतली" म्हणून कुणाला घरात कोंडू नका. आधी डॉक्टर. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फुकट आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका गोव्यात होतात, आणि तिथे धर्म विचारत नाहीत. शपथ हवी तर घ्या, पण "आजचा दिवस" एवढीच घ्या.

१०. मटका, कॅसिनो, मोबाईलवरची रमी. थोडं खेळलं तर काय बिघडतं?

मांडवीतल्या जहाजांवर खेळायला गोवेकरांना २०२० पासून सरकारनेच मनाई केली आहे, त्यामुळे तो प्रश्न कायद्यापाशीच संपायला हवा. मटका कोपऱ्यावर आहे आणि फोन खिशात, खरी अडचण तिथे.

जुगारात माणूस अडकतो तो जिंकायच्या हावेपेक्षा हरलेलं परत मिळवायच्या हट्टाने. गेले ते गेले, हे म्हणता येणं हीच सुटका. पगाराचं खातं काही महिने बायकोच्या किंवा आईच्या हाती द्या, आणि कर्ज किती आहे ते त्यांना खरं सांगा. अर्धं कर्ज लपवलं की उरलेलं फेडायला पुन्हा आकडा लावला जातो. सांगण्याबद्दल प्रश्न १२ बघा.

११. रात्री फोनवर नको ते बघतो. डोळा उपटून टाक असं लिहिलंय, मग काय करू?

डोळा ठेवा, फोन बाहेर ठेवा. मत्तय ५:२९ मधली भाषा धक्का देण्यासाठी आहे, चर्चने ती कधी शब्दशः करायला सांगितलेली नाही. सांगणं एवढंच: जे पाडतं ते कितीही जवळचं असलं तरी कापा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. हा उपाय कुणाला आवडत नाही, पण ज्यांनी केला ते पुन्हा हाच प्रश्न घेऊन सहसा येत नाहीत. बाकी प्रश्न २ मधली वही इथेही चालेल.

१२. कुणाला तरी सांगा म्हणता, पण गावात सगळे ओळखतात. कुमसाराला जायची लाज वाटते.

ज्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, त्या येशूसंघाच्या संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी मोहाबद्दल बारकाईने लिहून ठेवलंय. त्यातला एक नियम असा की शत्रूला सगळ्यात नको असतं ते त्याची कुजबुज तिसऱ्याच्या कानावर जाणं. उघड झालं की त्याचा डाव फसतो. लाज वाटतेय म्हणजे नेमकी हीच गोष्ट सांगायला हवी, असं समजा.

कुमसारात, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही की बिशपांना नाही. ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च बहिष्कृत करतं. तरी ओळखीच्या आवाजाचा संकोच होतो, हे खरं. मग दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जा, कुणी पत्ता विचारत नाही. प्रोटेस्टंट वाचकांसाठी याकोब ५:१६ आहे: एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा.

मित्र निवडताना मात्र जपून. ऐकून घेणारा हवा, आणि ज्याला स्वतःला तोच मोह आज छळतोय असा नको. सोडून वर्षं झालेला चालेल, उलट बरा.

१३. तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. देव कंटाळला असेल ना?

किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्राने येशूला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं सत्तरदा सात वेळा (मत्तय १८:२२). माणसाकडून एवढं मागणारा स्वतः आठव्या वेळी कंटाळेल? नीतिसूत्रे २४:१६ प्रमाणे नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. पेत्रानेही घात केला, येशूला पकडून देणाऱ्या यहूदानेही. पेत्र रडून परत आला.

पण "क्षमा आहेच" म्हणून आधीच ठरवून करणं वेगळं. रोम ६:१-२ वाचा.

१४. कार्निव्हलमध्ये नाचलं तर चालतं का? आणि उपवासकाळात काय सोडावं?

नाचा. शनिवार ते मंगळवार चार दिवस, बुधवारी कपाळाला राख. पिऊन गाडी चालवू नका, कुणाच्या अंगाला हात लावू नका.

राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे कॅथलिकांचे सक्तीचे उपास, १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांसाठी. मांस वर्ज्य करायचा नियम १४ वर्षांपासून. मासे चालतात, पण शुक्रवारी मटण सोडून महागडा इसवण आणला तर त्यात सोडलं काय? उपासाचा उपयोग छोट्या गोष्टीला नाही म्हणायचा सराव व्हावा हाच. जे सोडाल त्याचे पैसे कुणा गरजूला द्या.

१५. मी हिंदू आहे. हे वाचून पाळलं तर चालेल का? की आधी धर्म बदलावा लागतो?

वाचा, कुणी काही बदलायला सांगणार नाही. षड्रिपूंची ओळख तुम्हाला आहेच, त्यामुळे पुष्कळसं ओळखीचं वाटेल. वेगळं एक वाटेल: ख्रिस्ती शिकवणीत संयम हे साधनेने कमावलेलं यश मानत नाहीत. गलती ५:२२-२३ मध्ये तो पवित्र आत्म्याच्या फळात मोजलाय. प्रयत्न आपला, फळ त्याचं.

१६. नवरा मारतो. घर सोडून जावंसं वाटतं. हा मोह आहे का? सगळे म्हणतात, क्रूस वाहा.

नाही, हा मोह नाही. जीव वाचवावासा वाटणं पाप नाही. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). धोंडे उचलले तेव्हा मंदिरातून बाहेर पडला (योहान ८:५९). वेळ आल्यावर त्याने क्रूस स्वतः उचलला, पण कुणाच्याही हातचा मार त्याने त्याआधी क्रूस म्हणून खाल्ला नाही. जोडीदारापासून गंभीर धोका असेल तर वेगळं राहायची मुभा चर्चचा कायदाही देतो.

महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. प्रश्न ७ मधलं पळणं तुम्हालाही लागू आहे. "सहन कर" म्हणणाऱ्या माणसाला हे उत्तर दाखवा, पण आधी सुरक्षित जागी पोचा.

१७. प्रार्थनेच्या वेळीच देवाबद्दल घाणेरडे विचार येतात. कुमसार करून आलो की तासाभरात पुन्हा शंका येते, नीट सांगितलं का?

हा प्रश्न वाटतो त्याहून जास्त जण विचारतात, आणि विचारणारे बहुतेक फार प्रामाणिक असतात. जे विचार तुम्हाला नको आहेत, ज्यांचा त्रास होतो, त्यांना तुमचा होकार नाही (प्रश्न १). ते पाप नाही.

स्पेनमधल्या मानरेसात असताना इग्नेशियसलाही हाच जाच होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगूनही चैन पडेना, जीव द्यावासा वाटेपर्यंत मजल गेली. जुनं पुन्हा सांगायचंच नाही असं ठरवलं, तेव्हा ते सुटले. विचार जबरदस्तीने ढकलू नका, ढकलला की तो जोराने येतो. येऊ द्या, जाऊ द्या, प्रार्थना चालू ठेवा. दिवसाचे तास त्यात जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. हा ओळखीचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत; क्रमांक प्रश्न ९ मध्ये आहेत. कुमसारासाठी एकच फादर ठरवा, त्यांना हा त्रास आधी सांगा, आणि ते "हे पुन्हा सांगू नको" म्हणाले की सांगू नका.